दुबईत नवीन आलात? सही करण्याआधी हे वाचा

दुबईत येऊन महिना झाला की फोन सुरू होतात. "सर, फक्त वीस मिनिटं, चहाला भेटू." मला हा फोन आला तो आपल्याच माणसाचा, गणपतीच्या आरतीला ओळख झालेल्याचा. करामातल्या हॉटेलात त्याने बचतीच्या विमा पॉलिसीचा चढता आलेख लॅपटॉपवर दाखवला: महिना ५०० डॉलर, २५ वर्षं, शेवटी पोरीचं शिक्षण आणि पुण्यात फ्लॅट. चहा निवायच्या आत मी सही करून मोकळा!

तीन वर्षांनी नोकरी गेली. पैसे परत मागितले. भरले होते १८,००० डॉलर, हातात पडले सात हजारांच्या आसपास. तेव्हा कुठे ते जाडजूड बाड उघडलं. पहिल्या दीड वर्षाचे हप्ते वेगळ्या युनिटांत, म्हणजे फंडातल्या वेगळ्या हिश्श्यांत, जात होते. सगळ्या २५ वर्षांचा खर्च त्यांतून वळता व्हायचा, आणि मध्येच सोडलं तर ते जवळजवळ सगळे कंपनीचे. एजंटचं कमिशन मात्र सुरुवातीलाच निघून गेलेलं.

कंपनी होती आयल ऑफ मॅनची. इंग्लंड-आयर्लंडच्या मधलं हे बेट, तिथला नियामकही स्वतंत्र. कंपनी बुडाली तर तिथल्या कायद्याने ९० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, असं एजंट छाती ठोकून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण माझी कंपनी कुठे बुडाली होती? तिचं उत्तम चाललं होतं, माझ्याच पैशांवर. ऑक्टोबर २०२० पासून यूएईने असल्या पॉलिसींच्या कमिशनला मर्यादा घातली. तरीही "लाँग टर्म सेव्हिंग्ज" हे शब्द कानावर आले की एकच विचारा: पाचव्या वर्षी सोडली तर हातात किती? आकडा लेखी घ्या. आलेखाचं प्रिंटआउट म्हणजे लेखी नव्हे.

आपल्या लोकांना पाटीवरचं ओळखीचं नाव दिसलं की धीर येतो. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स १९१९ सालची, मुंबईची. पण दुबईतल्या तिच्या शाखेला इथला परवाना लागतो आणि इथलेच नियम लागू होतात. एलआयसी इंटरनॅशनल तर १९८९ पासून बहरीनमध्ये नोंदलेली वेगळीच कंपनी आहे. तेव्हा "हैदराबादला आयआरडीएआयकडे जातो" म्हणत तणतणू नका, ते भारताचे विमा नियामक, इथल्या पॉलिसीत पडणार नाहीत. इथला विमा नियामक म्हणजे सेंट्रल बँक. पूर्वीचं विमा प्राधिकरण तिच्यातच विलीन झालं. तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. तिथे दाद लागली नाही तर "सनदक"कडे, म्हणजे बँका-विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या इथल्या लोकपालाकडे. डीआयएफसीच्या, म्हणजे दुबईतल्या वित्तीय मुक्त क्षेत्राच्या, काचेच्या इमारतीत ऑफिस आहे म्हणून भुलू नका. तिथला नियामक वेगळा, आणि तिथल्या विमा कंपन्यांचा धंदा मुख्यतः पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवण्याचा. तुमच्या गाडीचा विमा ते थेट उतरवू शकत नाहीत.

गाडीवरून आठवलं. मुल्कीयापुरता (गाडीच्या नोंदणीपुरता) थर्ड पार्टी विमा काढून दोन पैसे वाचवणारे आमच्या बिल्डिंगमध्ये बरेच होते. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात बेसमेंटमधल्या गाड्या बुडाल्या, तेव्हा त्यांना दमडी मिळाली नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, आणि पुराचं कलम डोळ्यांनी वाचा. ओमानला जायचं असेल तर तिथलं कव्हर आहे का तेही बघा.

नोकरी जाण्याचा सरकारी विमा सक्तीचा आहे, महिन्याला पाच-दहा दिरहमांचा. तो उतरवून घ्या, नाहीतर ४०० दिरहम दंड.

मेडिकल विमा तुमची नोकरीची कंपनी देते. बायको-मुलांचं मात्र दुबईत स्पॉन्सरने, म्हणजे तुम्हीच बघायचं. फॉर्मवर मधुमेह लपवू नका.

भारतातला टर्म प्लॅन असेल तर तो बंद करू नका. पत्ता बदलल्याचं तेवढं कळवा.

तो आरतीवाला मित्र? दर वर्षी भेटतो, प्रसादही तोच वाटतो. हल्ली फ्लॅट विकतो म्हणे.