हलक्या विमानाची शेपटी आणि चंचल नाक : या चुका टाळा

घरी बांधलेल्या विमानाचे नाक स्टिकच्या (चालकाच्या हातातील दांड्याच्या) जराशा हालचालीने उसळत असेल, तर त्यामागे दोन निरनिराळे दोष असू शकतात, आणि ते एकच मानणे ही मला सर्वांत खटकणारी चूक आहे. पहिल्या दोषात विमान मुळात स्थिर असते, परंतु स्टिकच्या थोड्या हालचालीने एलिव्हेटर (आडव्या शेपटीची, नाक वर-खाली करणारी हलती फळी) फार फिरतो. तेथे एलिव्हेटरच्या हॉर्नची (स्टिककडून येणारी जोडणी जिला लागते त्या भुजेची) लांबी वाढवावी आणि उतरण्यापुरता पूर्ण कोन मिळतो ना, हे तपासावे. दुसऱ्या दोषात गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो, आणि वाऱ्याने उचललेले नाक आपोआप पूर्ववत होत नाही.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये विमान बांधणाऱ्या तरुणाने वेग वाढावा म्हणून आडव्या शेपटीची टोके कापली आणि इंजिनाजवळची बॅटरी आसनामागे नेली. धावपट्टीवर वेगाने पळवताना नाक उसळू लागले, तेव्हा त्याने स्टिकला स्प्रिंगा जोडल्या. स्टिक जड लागल्यामुळे दोष गेला असे त्याला वाटले; पुढच्या धावेत नाक उसळले, त्याने स्टिक पुढे लोटली, नाक आपटले आणि प्रोपेलरचे टोक तुटले. त्यानंतर मी आग्रह धरून चालकासह तिन्ही चाकांचे वजन करवून घेतले. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या सरासरी रुंदीच्या (पुढची ते मागची कड या अंतराच्या) ३६ टक्क्यांवर निघाला. आराखड्यातील मागची मर्यादा ३० टक्के होती. स्प्रिंगने हाताला जाणवणारा जोर बदलतो, पण स्टिक जागेवर धरलेली असताना गुरुत्वमध्य आणि न्यूट्रल पॉइंट (गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेल्यास विमान अस्थिर होते तो बिंदू) यांच्यात जे अंतर असते, ते तसूभरही बदलत नाही. हे अंतर रुंदीच्या ५ ते १५ टक्के असावे असे सामान्यतः मानतात. नवख्यासाठी मी १० टक्क्यांखाली जात नाही.

शेपटी कापण्यापूर्वी निदान एक गुणाकार तरी करावा. पंख ९ चौरस मीटर, त्याची रुंदी १.२ मीटर, शेपटी १.५ चौरस मीटर आणि पंखापासून तिचे अंतर ३.२ मीटर असेल, तर शेपटीचा गुणांक (शेपटीचे क्षेत्रफळ गुणिले अंतर, याला पंखाचे क्षेत्रफळ गुणिले रुंदी याने भागून) ०.४४ येतो, शेपटी १.२ चौरस मीटर केल्यास तो ०.३६ पर्यंत घसरतो. घरगुती विमानांसाठी ०.५ हा रूढ आकडा आहे. शक्य असेल तर क्षेत्रफळापेक्षा अंतर वाढवावे, कारण उसळी शमवण्याची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. चंचलतेसाठी प्रसिद्ध असलेल्या केआर-२ या घरी बांधायच्या विमानाच्या पुढील केआर-२एस आवृत्तीत धड लांब केले गेले, ते उगाच नव्हे.

टाकी चालकाच्या पुढे असेल, तर वजनाचा हिशेब रिकाम्या टाकीनेही करावा, कारण इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य मागे येतो. शेपटीवर पुट्टी आणि रंग थापू नये. बिजागऱ्यांतील ढिलाई सहन करू नये. संपूर्ण फिरणारी शेपटी अँटी-सर्वो टॅब (मागच्या कडेची, शेपटीच्याच दिशेने फिरून स्टिकला जोर आणणारी छोटी फळी) आणि वजन-संतुलनाशिवाय कधीही बसवू नये.

“सवय होईल” हे उत्तर मी स्वीकारत नाही. घाई असलेल्यांनी वजनकाट्यावरचा अर्धा दिवस वाचवू नये. रंगकाम झाल्यावर, बॅटरी हलवल्यावर आणि आसन बदलल्यावर वजन पुन्हा करावे, आणि तो कागद विमानातच ठेवावा.