पदक खरं, सर्टिफिकेट बिनकामाचं

गावात माझा फ्लेक्स लागला तेव्हा मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. 'राष्ट्रीय सुवर्णपदक विजेता', खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस फोटो. आठशे मीटर मी खरंच पळालो होतो. घोळ सर्टिफिकेटात होता.

कॉलेज, विभागीय, आंतरविभागीय, मग शिवाजी विद्यापीठाचा संघ आणि पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धा. ही शिडी तुम्हाला ठाऊक असेल, मलाही होती. पण त्या वर्षी आंतरविभागीयच्याच तारखांना परराज्यात एक 'नॅशनल' होती. ओळखीचा एक कोच म्हणाला, "हितं कुठं घासत बसतोस? थेट नॅशनल मार की भावा." साडेचार हजार फी भरली. फायनलला आम्ही सहाच जण. तिथंच डोकं चालायला हवं होतं.

दोन वर्षांनी पोलीस भरतीसाठी, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज करायचा म्हणून, सर्टिफिकेट पडताळणीला दिलं. उत्तर एका ओळीचं: संघटना मान्यताप्राप्त नाही.

म्हणून परत परत सांगतो. फी भरायच्या आधी बघा की स्पर्धा कोण घेतंय. नावात 'नॅशनल', 'इंडिया', 'फेडरेशन' कुणालाही लावता येतं. आपल्या खेळाच्या जिल्हा संघटनेत जाऊन विचारा: ही स्पर्धा तुमच्या वरच्या संघटनेची आहे का? निवड चाचणी झाली का? चाचणी न घेता नुसत्या फीवर संघात घेत असतील तर उठून चालू लागा. तरीही शंका राहिली तर विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात विचारा. पडताळणी तिथंच होते. आणि पडताळणी भरतीची जाहिरात निघेपर्यंत लांबवू नका.

विद्यापीठाची स्पर्धा कधीच सोडू नका. पहिल्या वर्षी मी शेवटून दुसरा आलो होतो, सगळ्यांचं असंच होतं. कोल्हापुरात रंकाळा तलावावर रोज पहाटे पळा, वेळ आपोआप कमी होतो. एनर्जी पावडरीच्या डब्यापेक्षा म्हशीचं दूध बरं, हे माझं मत. ते कुणी विचारलेलं नाही.

मार्गदर्शकाचं म्हणाल तर कोल्हापुरात पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. तसे प्राचार्य रोज जन्माला येत नाहीत. आपल्याला एसटीचं भाडं वेळेवर मिळालं तरी पुष्कळ. पण जिमखान्याचे जे सर फुकटचं कौतुक न करता तुमच्या फॉर्मवरची जन्मतारीख दोनदा तपासतात, त्यांना धरून राहा. माझे सर तसेच होते. 'नॅशनल'ला जाताना मी त्यांना विचारलंच नाही.

फ्लेक्स अजून आहे. गोठ्याच्या छपरावर उलटा टाकलाय, पावसाचं पाणी गळत नाही. धार काढताना मान वर केली की मीच दिसतो, पदक दाताखाली धरलेला.