स्टार्टरची पेटी उघडण्याआधी

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की आमच्या वर्धा जिल्ह्यात एकच तक्रार कानावर येते. "भाऊ, मोटार नुसती घुं-घुं करते, पाणी फेकत नाही." मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो. पंप विहिरीतून ओढून काढण्याआधी मल्टिमीटरनं (व्होल्ट, ओहम मोजायच्या मीटरनं) स्टार्टरची, म्हणजे मोटार चालू-बंद करायची, पेटी तपासा, असं मी प्रत्येकाला सांगतो. बरेचदा दोष वरच सापडतो.

मीटर घेताना त्यावर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' (मीटर कुठल्या लाईनवर सुरक्षित आहे त्याची खूण) लिहिलेलं पाहून घ्या. स्वस्तातलं खेळण्यासारखं मीटर बॅटरीसाठी ठीक आहे, तीन फेजच्या (करंटच्या तीन वायरींच्या) पेटीत ते घालू नका. काळी वायर 'कॉम'च्या भोकात आणि लाल 'व्ही-ओहम'च्या. लाल वायर '१० ए'च्या भोकात राहिली आणि तशीच फेजवर टेकवली तर सरळ शॉर्ट होतो, मीटर हातात फुटू शकतं. म्हणून दर वेळी आधी भोक पाहा, मग नॉब. वायरचं आवरण चिरलेलं असेल तर टेप गुंडाळत बसू नका, नवी जोडी घ्या.

आता चालू लाईनचं माप. मोटार बंद ठेवा, नॉब एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर आणा. पायात कोरडे बूट, खाली कोरडी फळी, बोटात अंगठी नको. स्टार्टरला येणाऱ्या तीन वायरी दोन-दोन करून मोजा. नियमानं ४१५ व्होल्ट हवेत. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या वावरात ३५० सुद्धा दिसतात. तिन्ही आकडे जवळपास सारखे असणं महत्त्वाचं. एका जोडीत ४०० आणि बाकी दोन्हींत भलतेच कमी, म्हणजे त्या दोन्हींत येणारा फेज गेला. हे माप मोटार फिरत असताना घेऊ नका. फिरती मोटार गेलेल्या फेजवरही उलटं व्होल्टेज पाठवते, आणि मीटर तिन्ही फेज असल्याचं दाखवतं. फेज डीपीवरूनच गेला असेल तर लाईनमनला बोलवा. डीपीला आपला हात लागता कामा नये.

यापुढचं काम लाईन बंद करून. इथं माझा आग्रह आहे. लाईन गेली म्हणून पेटीत हात घालू नका. भारनियमनात ती कधी येईल याचा नेम नाही, आणि ऑटो स्विच असेल तर मोटार आपोआप सुरू होते. ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा. आता मीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या जागी लावून पाहा, मग पेटीत, मग पुन्हा त्या चालू जागी. मधल्या मापाला शून्य आणि दोन्ही वेळा आकडा आला, तरच पेटीत करंट नाही असं समजा. कंडेन्सर (करंट साठवणारा डबा) असेल तर त्यातला करंट बल्ब लावून उतरवा, लाईन गेल्यावरही त्यात झटका असतो.

मग बीपवर नॉब आणा, जोड सलग असेल तर मीटर वाजतं. कोरड्या काडीनं कॉन्टॅक्टर (पेटीतले पॉइंट जोडणारा स्विच) दाबून प्रत्येक पॉइंटची वरची-खालची बाजू तपासा. पावसाळ्यात पेटीत मुंग्या, पाली शिरतात आणि पॉइंटमध्ये चिरडून काळा थर बसतो. तिथं बीप वाजत नाही.

पॉइंट ठीक असतील तर केबलच्या तिन्ही वायरी स्टार्टरपासून सोडवा आणि ओहमवर (वायरीचा रोध मोजायच्या खुणेवर) दोन-दोन करून मोजा. मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो तो वजा करा. तिन्ही मापं सारखी हवीत. एक वेगळं आलं तर वायंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) किंवा केबलचा जोड गेला. वायरी आणि अर्थिंगमध्ये काहीच आकडा दिसायला नको. दिसला तर पंप काढावाच लागतो. नाही दिसला तरी पूर्ण खात्री मेगरनंच (जास्त व्होल्टेज देऊन आवरण तपासणाऱ्या मीटरनंच) होते, कारण मल्टिमीटरचं व्होल्टेज फार कमी असतं.

परत जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते आणि पाणी कमी येतं. तसं झालं तर मेन पाडून, फ्यूज काढून कोणत्याही दोन वायरी बदला.