गावच्या जुन्या धर्मशाळेचं वय कसं काढायचं

आमच्या ठाणे जिल्ह्यात कुठलीही जुनी वास्तू दाखवली की माणसं 'पेशवेकालीन' म्हणून मोकळी होतात. माझ्या आजोळची, शहापूरकडची धर्मशाळाही तशीच पेशवेकालीन होती, मी तिचा दगड वाचेपर्यंत. तुम्हाला तुमच्या गावच्या धर्मशाळेचा इतिहास लिहायचा असेल तर सुरुवात दगडापासूनच करा.

दगड बहुधा दरवाजाच्या वर नाहीतर ओसरीच्या भिंतीत असतो, आणि ऑइलपेंटाखाली गेलेला असतो. त्याला तारेचा ब्रश लावू नका. मी लावला आणि शकाचा शेवटचा आकडा माझ्या हातून गेला. त्याची हळहळ अजून आहे. मऊ कुंचला आणि साधं पाणी, बास. मग दिवेलागण झाल्यावर जा आणि टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खोबणींत सावली भरते आणि दिवसा सपाट वाटणारा दगड बोलायला लागतो.

मला 'शके १७९' एवढंच लागलं, पण पुढे 'श्रीमुखनाम संवत्सरे' शाबूत होतं. संवत्सरांची नावं ६० वर्षांनी फिरून येतात, म्हणून एका दशकात एक नाव एकदाच सापडतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७९० ते १७९९ असे सगळे शक लावून बघितले, श्रीमुख १७९५ लाच बसलं: १७९५ आणि १२ म्हणजे १८०७, बाकी ७. प्रभव, विभव असं मोजत गेलं की सातवं श्रीमुख. शकात ७८ मिळवले की इसवी सन: १८७३. तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९ मिळवायचे.

आता हे साल रेल्वेशेजारी ठेवा. गाडी ठाण्याला १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली, आणि १८६५ साली कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला पोचली. म्हणजे आमची धर्मशाळा उभी राहिली तेव्हा आग्रा रस्त्यावरचा लांबचा माल रुळांवर गेला होता. मग ती कोणासाठी? तिचं तोंड बघा. आमच्या धर्मशाळेची पाठ हमरस्त्याला आहे आणि ओसरी स्टेशनच्या वाटेकडे. रात्रीच्या गाडीने उतरलेल्यांसाठी ती बांधली, असं माझं ठाम मत झालं ते तिथे उभं राहूनच.

कागदांपैकी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर आधी चाळा. चौदाव्या खंडात गावांची माहिती आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही जाऊन विचारा, ते १८९३ पासूनचं आहे. जागेसाठी जुना सातबारा, फेरफार किंवा मिळकत पत्रिका काढा. विश्वस्त मंडळ असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदणीचा उतारा मिळतो.

म्हाताऱ्या माणसांना 'किती जुनी?' असं विचारू नका, उत्तर पुन्हा पेशव्यांवर जाईल. 'कोण उतरायचं? शिधा कोण द्यायचं? पाणी कुठल्या विहिरीचं?' असं विचारा. माझ्या मामेआजीने मला हाताला धरून मागच्या भिंतीपाशी नेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर काजळीचे पाच डाग, हातहात अंतरावर. पाच चुली, पाच बिऱ्हाडं, ज्याचा त्याचा स्वयंपाक. हे कुठल्याच कागदात नाही. तुमच्याकडे रंगकाम ठरलं असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी त्या भिंतीचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून.