घड्याळ कोणाच्या हातात? जुने चित्रपट, अनवट संगीत आणि मांगा यांचा आस्वाद कसा घ्यावा

जुना चित्रपट संथ वाटला, प्रयोगशील संगीत कानाला खटकले किंवा मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, पान कुठून वाचायचे हेच कळेना, म्हणजे ही आपली आवड नव्हे असे ठरवून बरेच जण तिथेच थांबतात. मीही अनेक वर्षे असाच थांबत आलो. पुढे हळूहळू ध्यानात आले की तिन्हीकडे माझी गाडी एकाच जागी अडत होती आणि ती जागा वेळेची होती. चित्रपटात काय किती वेळ पाहायचे हे दिग्दर्शक ठरवतो. संगीतातही वेळ रचनाकाराच्या ताब्यात असतो, मात्र त्या वेळात लक्ष कुठे ठेवायचे हे ऐकणाऱ्यावर सोपवलेले असते. मांगा वाचताना तर घड्याळ सर्वस्वी वाचकाच्या हातात येते. म्हणून पाहायला, ऐकायला किंवा वाचायला बसण्यापूर्वी घड्याळ कोणाच्या हातात आहे हे ओळखावे आणि त्याप्रमाणे बैठक मारावी, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

चित्रपटासाठी आधी पडदा नीट करून घ्यावा. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळापासून १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हॉलिवूडमधील बहुतेक चित्रपटांची चौकट १.३७ : १ या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चौरसाकडे झुकणारी होती. आजच्या रुंद टीव्हीवर तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या तशाच राहू द्याव्यात, कारण चित्र ताणून पडदा भरला की चेहरे पसरट होतात आणि छायाचित्रकाराने मोजूनमापून केलेली रचना बिघडते. दुसरे म्हणजे, हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतील सोय बंद करावी. बोलपट सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या वेगाने चित्रित झालेले असतात आणि ही सोय त्यांच्यामध्ये मुळात नसलेल्या चौकटी घुसडते. मूकपटांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तेव्हा कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जात असल्यामुळे वेग एकसारखा नसे, आणि तो चित्रपट पुढे जास्त वेगाने दाखवला गेला की माणसे तुरुतुरु धावताना दिसतात. मूकपट म्हणजे असेच काहीतरी धावपळीचे असते हा समज बऱ्याच अंशी अशा प्रतींमुळे रुजला आहे, तेव्हा योग्य वेगाची, जतन-दुरुस्ती केलेली प्रत मिळवण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.

एवढे झाल्यावर चित्रपट एका बैठकीत पाहावा, मध्ये थांबवू नये, आणि पहिली वीस मिनिटे त्याच्याविषयी कोणतेही मत बनवू नये. वेग अंगवळणी पडायला तेवढा अवधी लागतोच.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९४९ सालच्या ‘लेट स्प्रिंग’ या चित्रपटामधील एका प्रसंगाने मला हे शिकवले. लग्न ठरलेली मुलगी आणि तिचे वडील क्योटोमधील एका विश्रामगृहात रात्री शेजारी शेजारी निजलेले असतात. ती काहीतरी बोलत असते, तोवर वडिलांना झोप लागलेली असते. तिच्या चेहऱ्यावर मंद हसू आहे. मग अंधाऱ्या खोलीतील एक फुलदाणी दिसते. पुन्हा तिचा चेहरा दिसतो तेव्हा डोळे भरून येण्याच्या बेतात आहेत, आणि त्यानंतर पुन्हा तीच फुलदाणी. हसू आणि आसवे यांच्यामधला सगळा प्रवास आपण फुलदाणीकडे बघत असताना होऊन गेलेला असतो. पहिल्यांदा पाहताना ‘हे मध्येच काय?’ असे वाटून मी अस्वस्थ झालो होतो. आता मला वाटते की ओझूंनी ते काही सेकंद आपल्याला तिच्या शेजारी नुसते बसून राहण्यासाठी दिलेले आहेत. असा प्रसंग भेटला की चित्रपट संपल्यावर तेवढाच भाग आवाज बंद करून पुन्हा लावावा आणि दृश्य बदलेल तेव्हा बोटाने टेबलावर टिचकी मारावी. संकलनाची लय अशी हाताला कळते, आणि एकदा कळली की सहसा विसरत नाही.

संगीताकडे वळताना आधी चाल शोधण्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. अनवट संगीताच्या अनेक रचनांमध्ये चाल नसते. तिथे एखादी प्रक्रिया उलगडत असते आणि ती ऐकायची असते. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांची १९६५ सालची ‘इट्स गॉना रेन’ ही रचना सुरुवातीसाठी चांगली आहे, कारण तिच्यात काय घडते ते सरळ सांगता येते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ध्वनिमुद्रित केलेला एका धर्मोपदेशकाचा आवाज टेपच्या दोन सारख्या वेटोळ्यांवर फिरतो. आरंभी दोन्ही आवाज एकत्र असतात, मग एक किंचित पुढे सरकतो, शब्दाला प्रतिध्वनी फुटल्यासारखे होते, पुढे शब्दाचा अर्थच गळून पडतो आणि नुसता ठेका उरतो. पहिल्या वेळी एकच काम करावे: दोन आवाज वेगळे झाल्याचे पहिल्यांदा कधी जाणवले तो क्षण पकडावा. दुसऱ्या वेळी एकाच आवाजाला धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा. तो सुटतोच, पण सुटतो त्या जागी कान उघडतो. आवाज मोठा करू नये, कारण मोठ्या आवाजात कान लवकर थकतात आणि बारीक फरक हातचे जातात.

याच वाटेवर अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची १९५२ सालची ‘४′३३″’ (चार मिनिटे तेहतीस सेकंद) भेटते. तीन भागांच्या या रचनेत वादक एकही सूर वाजवत नाही. पहिल्या प्रयोगात पियानोवादक डेव्हिड ट्युडर यांनी भाग सुरू होताना पियानोचे झाकण बंद केले आणि संपताना उघडले. ध्वनिमुद्रण लावण्याऐवजी साडेचार मिनिटांचा गजर लावून खोलीत स्वस्थ बसावे. पंख्याची घरघर, स्वतःचा श्वास, दूरवरचे एखादे वाहन हे सगळे एका चौकटीत येते. हा अनुभव गंभीरपणे घेतलेला माणूस पुढे कोणतेही अवघड संगीत अधिक धीराने ऐकतो, असे मी स्वतःवरून सांगू शकतो.

मांगाचे तंत्र त्यामानाने लवकर जमते. पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करावे, चौकटी उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली घ्याव्यात, आणि चौकटीतले संवादफुगेही त्याच क्रमाने वाचावेत. पूर्वीच्या कित्येक इंग्रजी आवृत्त्यांमध्ये पाने आरशातल्यासारखी उलटवत असत, त्यामुळे उजखुरी पात्रे डावखुरी होत. अशा आवृत्त्या टाळाव्यात. फोनवर वाचत असाल तर दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध तुटते, म्हणून पडदा आडवा करून जोडपान एकत्र पाहावे.

वेग मात्र विचारपूर्वक ठरवावा लागतो. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांच्या १९४७ सालच्या ‘शिन ताकाराजिमा’ या मांगाच्या आरंभी धावणारी मोटार चौकटीमागून चौकटीत चित्रपटासारखी दाखवली आहे. ती पाने भरभर उलटावीत, तरच मोटार पळते. याउलट मांगामध्ये शांततेसाठीही एक ध्वनिशब्द आहे: ‘शीन’. रिकाम्या खोलीच्या चित्रावर तो लिहिलेला दिसला की थांबावे. तिथे घड्याळ आपल्या हातात असते आणि लेखक आपल्याला ते जरा धरून ठेवायला सांगत असतो. मी प्रकरण आधी एका दमात वाचतो आणि मग फक्त बिनशब्दांच्या चौकटींसाठी मागे येतो.

जवळ एक वही ठेवावी. तिच्यात समीक्षा लिहू नये. जिथे वेळ लांबल्यासारखा वाटला ती जागा, म्हणजे कितवे मिनिट किंवा कितवे पान, एवढेच टिपावे आणि काही महिन्यांनी बरोबर तिथेच परत जावे. माझ्या वहीत त्या फुलदाणीची नोंद होती. तिसऱ्या वेळी परत गेलो तेव्हा कुठे तिच्या मागच्या कागदी दारावर पडलेल्या बांबूच्या पानांच्या सावल्या माझ्या दृष्टीस पडल्या.