उडत्या तबकडीचा ‘गुप्त’ कागद आला तर

फोंड्यातल्या आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा हल्ली उडत्या तबकड्यांचे ‘अतिगोपनीय’ अमेरिकी कागद येऊन पडतात. पुढे पाठवण्याआधी एवढे करा.

१. मूळ प्रत शोधा. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या ‘व्हॉल्ट’ संकेतस्थळावर ‘मॅजेस्टिक १२’ची, म्हणजे उडत्या तबकड्यांसाठी नेमल्याचे सांगितल्या जाणाऱ्या गुप्त समितीची, कागदपत्रे आहेत, पण त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘बोगस’ लिहिलेले आहे! फॉरवर्ड होताना नेमका तो शेरा कापला जातो. म्हणून पान पुरते बघा.

२. तारीख आणि माणूस जुळवा. याच प्रकरणातले १४ जुलै १९५४ चे एक टिपण अमेरिकी अध्यक्षांचे तेव्हाचे सुरक्षा सल्लागार रॉबर्ट कटलर यांच्या नावावर आहे. त्या दिवशी कटलर अमेरिकेत नव्हतेच. गंमत म्हणजे हा कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातच सापडला होता, तेव्हा नुसत्या ठिकाणावर भरवसा नको.

३. सही ताडून पाहा. बँकेत सही जुळली नाही की चेक परत येतो. इथे उलटे, फारच जुळली तर संशय घ्या. याच प्रकरणातल्या २४ सप्टेंबर १९४७ च्या पत्रावरची तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांची सही त्यांच्या १ ऑक्टोबर १९४७ च्या खऱ्या पत्रावरून उचललेली दिसते. हाताने केलेल्या दोन सह्या अशा तंतोतंत येत नाहीत.

एक सावधगिरी: कागद अस्सल म्हणजे मजकूर खरा, असे नाही. २२ मार्च १९५० चे एफबीआय अधिकारी गाय हॉटल (Guy Hottel) यांचे टिपण अस्सलच आहे, पण त्यात आहे ती तबकड्या सापडल्याची ऐकीव गोष्ट, तीही तिसऱ्या तोंडची.