गायीचं गणित घोडीला लावू नका: भरवण्याच्या वेळेत होणाऱ्या चुका

गाय माज संपल्यावर बीज (स्त्रीबीज) सोडते, घोडी माज संपायच्या आत. दावणीला खिल्लार गायी आणि शेजारच्या पागेत एखादी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी, अशा घरांत भरवण्याच्या, म्हणजे नर लावण्याच्या किंवा रेतन करण्याच्या, बहुतेक चुका या एका फरकापाशी येऊन अडतात. गायी सांभाळण्यात पिढ्या गेलेल्या असतात, हात त्याच सवयीचा, आणि तोच हिशेब घोडीला लावला जातो. दोघींचं चक्र साधारण २१ दिवसांचंच, म्हणून तर फसगत जास्त.

सकाळी माज, संध्याकाळी रेतन

ही रीत गायीची, आणि गायीपुरती ती पक्की आहे. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय गुमान उभी राहते, तो खरा माज १२ ते १८ तासांचा. माज सुरू झाल्यापासून २४ ते ३२ तासांनी बीज सुटतं. तोवर गाय शांत होऊन वैरणीला लागलेली असते. सुटलेलं बीज काही तासच तग धरतं आणि शुक्राणूंना फळण्याजोगं व्हायला आत काही तास लागतात, म्हणून ते आधी पोचलेले बरे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

घोडीचा माज मात्र ५ ते ७ दिवस चालतो, आणि बीज सुटतं ते तो संपायच्या आधीच्या २४ ते ४८ तासांत. पहिल्या दिवशी घोडा लावून ‘काम झालं’ म्हणणाऱ्याने चार दिवस आधीच काम उरकलेलं असतं. याउलट, घोडी थंडावू लागली की भरवू म्हणणाऱ्याच्या घोडीचं बीज तोवर मरून गेलेलं असतं. नैसर्गिक पद्धतीने भरवायचं तर माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नराला झिडकारेपर्यंत. चांगल्या घोड्याचं रेत आत ४८ तास सहज टिकतं, त्यामुळे रोज दमवायची गरज नाही. गोठवलेलं रेत वापरणार असाल तर मुभा फारच थोडी: बीज सुटण्याआधी १२ तास ते सुटल्यानंतर ६ तास. त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा सोनोग्राफी लागते. तेवढी सोय नसेल तर रेताची महागडी कांडी विकत घेऊ नका.

हा फरक येतो कुठून? गायीत मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक एकदम उसळतं, काही तासांत ओसरतं, आणि त्या उसळीनंतर दिवसभरात बीज सुटतं. घोडीत तेच संप्रेरक दिवसेंदिवस सावकाश चढत जातं आणि त्याचं शिखर बीज सुटून गेल्यावर येतं. म्हणून घोडीचा माज कधी सुरू झाला यावरून बीज कधी सुटेल ते काढता येत नाही. मागच्या खेपेला माज किती दिवस चालला याची नोंद असेल तर निदान अंदाज बांधता येतो.

घोडी माजावर येतच नाही, ही तक्रार

गाय दुसऱ्या गायींवर उड्या मारून माज जाहीर करते, बळस (चिकट स्राव) टाकते, हंबरते. एकटी बांधलेली घोडी यातलं फारसं काही करत नाही. मजबूत आडव्या वाशाच्या पलीकडे घोडा उभा करा, म्हणजे कळेल: शेपटी वर, मागचे पाय फाकलेले, थोडी थोडी लघवी, आणि निरणाची (योनिमुखाची) उघडझाप. शिंगरू पायाशी असेल तर तीच घोडी कान मागे टाकून लाथा झाडते आणि माज लपवते. एका दिवसाच्या परीक्षेवर निकाल देऊ नका.

सोनोग्राफीत आकडा वाचताना

ही चूक मालकाची नाही, दिवसभर गायी तपासणाऱ्या आम्हा डॉक्टर मंडळींची. गायीतलं पक्व पुटक (बीजकोषावरचा, बीज धरून ठेवणारा पाण्याचा फुगा) १२ ते १८ मिलिमीटरचं. २५ च्या पुढे जाऊन ते तसंच बसून राहिलं तर आपण गळू (सिस्ट) म्हणतो आणि इलाज सुरू करतो. घोडीत २५ मिलिमीटरचं पुटक अजून कच्चं असतं. ३५ पासून पुढे, अनेकदा ४० ते ४५ ला ते फुटतं. तेव्हा घोडीच्या बीजकोषावर ४० चा आकडा पाहून गळूचं निदान करू नका. आकड्याइतकंच गर्भाशयाच्या सुजेकडे बघा. माजात घड्या फुगलेल्या दिसतात आणि बीज सुटण्याच्या सुमारास ती सूज उतरू लागते. पुटक मोठं, मऊ आणि सूज उतरतेय, तर घोडा आजच आणा.

हाताने तपासतानाही तीच अडचण. गायीचं पुटक बीजकोषाच्या पृष्ठभागावर कुठेही फुटतं आणि तिथे तयार होणारं पीतपिंड (पिवळट गाठ) बोंडासारखं बोटाला लागतं. घोडीत बीज एका ठरावीक खळगीतूनच बाहेर पडतं, पीतपिंड आतल्या आत राहतं आणि हाताला लागत नाही. ‘पीतपिंड नाही, म्हणजे बीज सुटलं नाही’ हे घोडीत धरून चालू नका.

रक्त दिसलं म्हणजे उलटली?

नाही. माज संपून एक-दोन दिवसांनी गायीच्या, विशेषतः कालवडीच्या, शेपटीला रक्ताचा डाग दिसतो. गाय गाभण राहिली की नाही, हे त्यावरून कळत नाही. माज होऊन गेला, एवढंच कळतं. त्या दिवशी पुन्हा रेतन करणं व्यर्थ. तारीख लिहा आणि १७-१८ दिवसांनी नजर ठेवायला लागा. घोडीत असा डाग नेहमीचा नाही. दिसला तर तपासून घ्या.

हिवाळ्यातली घाई

गाय बारमाही माजावर येते. घोडी वाढत्या दिवसाची. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी लगेच भरवायची हौस समजू शकतो, पण त्या दिवसांत बऱ्याच घोड्यांचे बीजकोष निजलेले असतात. आपल्याकडे दिवस-रात्रीतली तफावत युरोपाइतकी नाही, त्यामुळे काही घोड्या थंडीतही चालू राहतात. पण त्यावर विसंबू नये. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत गेला की मधला संधिकाळ येतो: माज दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस लांबतो आणि बीज सुटतच नाही. या काळात घोडा पुन्हा पुन्हा लावून दोघांनाही थकवण्यात अर्थ नाही. घाईच असेल तर पागेत दिवा लावून रोज १६ तास उजेड द्यावा, पण दोन-अडीच महिने आधीपासून.

जुळं

गायीला जुळं झालं तर त्रास होतो, तरी बहुधा निभावतं (नराबरोबरची कालवड मात्र बहुतेक वेळा वांझ निघते). घोडीत जुळं म्हणजे बहुधा गर्भपात, तोही महिने उलटल्यावर. एकाच माजात दोन बीजं सुटणं घोडीत, विशेषतः शर्यतीच्या थरोब्रेड जातीत, काही नवल नाही. म्हणून भरवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करा. दोन गर्भ दिसले तर त्यातला एक त्याच वेळी दाबून काढता येतो. पुढे ते जागेवर बसले की काम अवघड होतं. गायीसारखं दोन-तीन महिन्यांनी हात घालून बघू, असं म्हणून थांबू नका.

व्याल्यानंतर किती थांबायचं

गायीला ४५ ते ६० दिवस विश्रांती देतात. घोडी व्याल्यावर पहिल्या आठवड्यानंतरच माजावर येते आणि तिचा गर्भकाळ ११ महिन्यांचा असल्याने गायीसारखं थांबलात तर वर्ष हातचं जातं. पण हा पहिला माज प्रत्येक घोडीला द्यायचा नाही. वार तीन तासांत पडली नाही, वेणं अडलं, अंगावरून घाण जात असेल, तर तो माज सोडा. सगळं सुरळीत असेल तरी बीज दहाव्या दिवसानंतर सुटलं तर गाभण राहण्याची शक्यता जास्त, कारण गर्भ पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात उतरेपर्यंत ते सावरलेलं असतं. तेव्हा व्याल्याची तारीख पागेच्या भिंतीवर खडूने लिहा, आणि डॉक्टरांना आठव्या-नवव्या दिवशी बोलवा.